पळस, मोह आणि तलावाची पाळ
(रेडिओवरील भाषण)

होळी आणि गुढीपाडव्याच्या सुमारास जोडून सुट्टी आली की आपल्याकडची बरीच कुटुंबे पचमढीचा नाहीतर चिखलदऱ्याचा रस्ता धरतात. तिकडे जरूर जावे. पण एखाद्या वर्षी त्याच दिवसांत मुलाबाळांना घेऊन भंडारा जिल्ह्यातच गाडी फिरवावी, असा आग्रह मी आज धरणार आहे. सोबत कॅमेरा घ्या. नसेल तर मोबाइलही पुरेल.

फाल्गुन-चैत्रात आपला मुलूख रखरखीत होतो, पाहण्यासारखे काही उरत नाही, असा एक समज आहे. भल्या सकाळी भंडाऱ्याहून कोका अभयारण्याच्या दिशेने निघा, म्हणजे तो दूर होईल. अंतर विसेक किलोमीटरचे. धानाच्या बांध्या रिकाम्या असतात, पण धुऱ्याधुऱ्यावर पळस फुललेला असतो. झाडावर पान नसल्यामुळे फुलांचा केशरी रंग आणि मखमली काळसर देठ उठून दिसतात. सूर्य फुलांच्या मागे येईल असे उभे राहा. पाकळ्या आतून उजळल्यासारख्या दिसतात. थोडा वेळ थांबलात तर मैना, कोतवाल, शिंजीर हे सगळे मधासाठी त्याच झाडावर येतात. पक्ष्यांच्या मागे पळावे लागत नाही.

पुढे जंगलात लालभडक दिसणारे एखादे झाड मुलांना फुलांनी भरलेले वाटेल. जवळ जाऊन पाहायला सांगा. ते कुसुम असते आणि तो लाल रंग कोवळ्या पालवीचा असतो. काही दिवसांत ती पालवी हिरवी होते. हे छायाचित्र वर्षातल्या याच मोजक्या दिवसांत मिळते.

मार्च सरता सरता मोहाचा हंगाम सुरू होतो. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून टपटपत राहतात. बाया-माणसे टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली पोचलेली असतात. तो प्रकाश, तो गोड वास, जमिनीवर पसरलेली मोत्यांसारखी फुले, सगळे टिपावेसे वाटते. पण आधी कॅमेरा खाली ठेवून चार शब्द बोला, विचारा, मग फोटो घ्या. त्या माणसांचे ते कामाचे तास आहेत आणि त्या फुलांवर घरची वर्षभराची काही गरज भागणार आहे. फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायची रीत आहे. त्यातून कधी कधी वणवा पेटतो. मुलांना हेही दाखवले पाहिजे.

राष्ट्रीय महामार्गाने लाखनीवरून साकोलीला पोचलात की तलावांचा प्रदेश सुरू होतो. साकोलीहून पिटेझरीच्या फाटकातून नागझिऱ्यात जाता येते. १९७० साली अभयारण्य झालेले हे जंगल आज नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पण वाघ दिसला नाही म्हणून सहल फुकट गेली, असे मुलांसमोर म्हणू नका. वाटेवरचा शिवनीबांध बघा. अशा तलावांवर थंडीत आलेली बदके या दिवसांत परतीला लागलेली असतात. अडई, कमळपक्षी, टिबुकल्या मात्र इथल्याच. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरला आहे तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांच्या आणि धानाच्या आधाराने.

माझे सासरे याच भागातले. अशाच एका तलावावर माझा मुलगा पाण्याचे फोटो घेत होता. पाण्यात पडलेले डोंगराचे प्रतिबिंब त्याला हवे होते. आजोबा त्याला म्हणाले, ‘‘आधी पाळ काढ बापू, मग पाणी. पाळ नसती तर पाणी कुठून राहिलं असतं?’’ मग त्यांनी त्याला पाळीवरून चालवत नेले. जास्तीचे पाणी जिथून वाहून जाते तो सलंग दाखवला, बांध्यांना पाणी सोडायचे तुडूम दाखवले. पाळीच्या एका अंगाला पाणी होते आणि दुसऱ्या अंगाला, त्याच पाण्यावर, उन्हाळी धान हिरवेगार उभे होते.

श्रोतेहो, मला आज सांगायचे आहे ते हेच. आपण ज्याला निसर्गदृश्य म्हणतो, ते या जिल्ह्यात माणसांनी हाताने घडवलेले आहे. गोंड राजांच्या काळापासून इथल्या कोहळी समाजाने टेकड्यांमधली खिंड हेरून मातीच्या पाळी घातल्या. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. तो आता गोंदिया जिल्ह्यात आहे; १९९९ पर्यंत तो भंडाऱ्यातच होता. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तिथे राहिले आणि त्या पाण्यावरचे पक्षी त्यांनी मराठी वाचकांच्या घरात आणले. मालगुजारी संपल्यावर हे तलाव सरकारकडे गेले. माजी मालगुजारी, म्हणून लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले. देखभालीची जुनी घडी मोडली. पुष्कळ तलाव गाळाने उथळ झाले, काहींत बेशरम नावाची वनस्पती माजली. ढिवरांची मासळी, शेतकऱ्यांचे धान आणि सारसाचे घरटे, तिन्ही त्या पाळीवर उभे आहेत.

परतताना वाट वाकडी करून पवनीला जा. वैनगंगेचे घाट, जुना तट, आणि जगन्नाथ टेकडी, जिथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला. जवळच गोसीखुर्दचे अथांग पाणी. संध्याकाळी त्याचा फोटो सुंदर येतो. त्या पाण्यासाठी ज्यांना आपली गावे सोडावी लागली, त्यांची आठवण मुलांना तिथेच, त्या काठावर उभे राहून सांगा.

आता एक विनंती. तुमच्या गावाजवळचा एक तलाव निवडा. दर चैत्रात त्याच्या पाळीवरच्या एकाच जागी उभे राहून एकच फोटो घ्या आणि त्यावर तारीख लिहून ठेवा. पाणी किती मागे हटले, बेशरम किती पुढे आली, पाळीवरचे कोणते झाड गेले, हे काही वर्षांनी मुलेच तुम्हाला दाखवतील. ते फोटो घेऊन ग्रामसभेत जा. गाळ काढण्याची मागणी करणाऱ्याच्या हातात तो पुरावा असेल, आणि तो आपल्या लेकरांनी गोळा केलेला असेल. पुढच्या सुट्टीत एवढे नक्की करा.