सिकंदराबादची छावणी आणि बोरीवरचा पूल



1948 च्या पोलीस ॲक्शनच्या गोष्टी आपल्या धाराशिव जिल्ह्यात घरोघरी सांगतात. पण त्याआधी काही महिने भारताची फौज हैदराबाद संस्थानातून बाहेर निघत होती, हे कुणी फारसं सांगत नाही.

इंग्रज गेल्यावर निजामाचं म्हणणं सरळ होतं: सिकंदराबादेत दिल्लीची पलटण असेल, तर मी स्वतंत्र कसला? हे दुखणं जुनंच. 1853 साली ईस्ट इंडिया कंपनीनं संस्थानातल्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर आपला धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही घेतला होता. तो 1860 साली परत मिळाला, वऱ्हाड मात्र गेलं ते गेलंच.

29 नोव्हेंबर 1947 ला भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, मुदत एक वर्षाची. त्यातलं एक कलम वाचण्यासारखं आहे. भारतानं संस्थानात सैन्य ठेवायचं ते फक्त युद्धकाळात, तेही निजामाच्या संमतीनं, आणि लढाई संपल्यावर सहा महिन्यांत काढून घ्यायचं. सिकंदराबादची फौज 1948 च्या फेब्रुवारीअखेर हलवायचंही दिल्लीनं कबूल केलं. काश्मीर पेटलेलं होतं, सरदार पटेलांना वेळ हवा होता. जानेवारीत भारताचे एजंट-जनरल म्हणून कन्हैयालाल मुन्शी आले, तर निजामानं त्यांना रेसिडेन्सीची इमारत दिली नाही. इंग्रजांचा जुना रेसिडेंट परत आल्यासारखं दिसलं असतं ना! शेवटी त्यांची सोय बोलारमला, लष्कराच्याच इमारतीत झाली.

हे मानापमान राजधानीतले. फौज गेल्याची किंमत मोजली ती सरहद्दीवरच्या गावांनी. कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात. त्याच्या सशस्त्र संघटनेला, रझाकारांना, आता धाक कुणाचा? माणसं हद्दीपलीकडं बार्शी-सोलापूरला निघाली. माझ्या मते वेळ मिळवण्याचा हा सौदा दिल्लीला परवडला, उमरगा-तुळजापूरला नाही.

13 सप्टेंबर 1948 ला भारताची फौज सोलापूरकडून परत आली. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला, नळदुर्ग पडलं, त्याच दिवशी तुकड्या उमरग्याला पोचल्या. प्रश्न सुरक्षा परिषदेत गेलेला, पण भारताच्या मते ही अंतर्गत बाब, म्हणून नाव ठेवलं 'पोलीस कारवाई'. चार दिवसांत निजामानं शरणागती जाहीर केली. पुढं सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं या कारवाईच्या वेळी आणि नंतर मुसलमान वस्त्यांवर झालेल्या अत्याचारांची पाहणी केली. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबादचं, म्हणजे आपल्या धाराशिवचं, नाव घातलं, आणि तो अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढं आला नाही.