फाईल पाठवली आहे



मी लोणी काळभोरला राहतो. सोलापूर रस्त्यावरचं गाव. रस्त्यावर पेट्रोलच्या टँकरांची रांग असते, तशीच कॉलेजांच्या बसगाड्यांचीही. शिकणाऱ्या पोरांची इथे वाण नाही. त्यातलीच आमच्या आळीतली एक मुलगी. तिला जन्मापासून दिसत नाही. बारावी झाल्यावर तिनं इतिहासाच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं. रोजची बसची दगदग वाचली म्हणून घरचेही खूश होते.

एका संध्याकाळी ती मोबाईल घेऊन दारात उभी. म्हणाली, "चाचा, ग्रंथालयाकडून वाचायचं साहित्य आलंय. साठ पानं आहेत. पण फोन एक अक्षर बोलत नाही."

पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवण्याची सोय तिच्या फोनमध्ये आहे. एरवी तो सगळं घडाघडा वाचतो. या साठ पानांपुढे मात्र मुका झाला. कारण ती पानं म्हणजे पुस्तकाचे नुसते फोटो होते. आपल्याला त्यात अक्षरं दिसतात, फोनला फक्त चित्र दिसतं. "फाईल पाठवली आहे, मिळाली का?" असा संदेशही आला होता. मिळाली होती, पण वाचता येत नव्हती.

मीही बी.ए.ला इतिहासच घेतला होता. म्हटलं, मी वाचून दाखवतो. मगरिबची नमाज झाली की तासभर बसायचं, असा नेम सुरू झाला. आठ दिवसांनी ती म्हणाली, "चाचा, शाहू महाराजांच्या वसतिगृहांचा भाग पुन्हा वाचता?" मी थकलो होतो. उद्या वाचू म्हणालो. ती हळूच म्हणाली, "तुम्ही छान वाचता. पण मला दहादा मागं जायचं असतं. दहादा तुम्हाला कसं सांगू?" परीक्षा बारा दिवसांवर होती.

मला लहानपणी सबक देणारे अंध हाफिजजी आठवले. सगळं कुराण ते कानांनी शिकले होते. पण एखादी आयत अडली, की कुणी येईपर्यंत वाट पाहत बसायचे.

तिचा मूड बदलावा म्हणून मी माझ्या कवितासंग्रहाची फाईल तिला पाठवली. तिच्यात फोटो नव्हते. फोन बोलू लागला, आणि ऐकू आली इंग्रजी अक्षरांची खिचडी! पुस्तक जुन्या फाँटमध्ये जुळवलेलं होतं. त्यात डोळ्यांना 'क' दिसतो, पण संगणकाच्या पोटात भलतंच चिन्ह असतं. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे, तरी मराठी पुस्तकं कित्येक वर्षं जुन्या फाँटांतच छापली गेली. मी इतरांना बोल लावत होतो, आणि माझ्याच कविता तिला बंद होत्या.

मग भाच्याला बसवलं. चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रणालीतून त्यानं ती पानं काढली. मी मुद्रितं तपासली. कुठे 'घ'चा 'ध' झालेला, कुठे 'भ'चा 'म'. मथळ्यांना मथळ्याची खूण केली, नकाशाखाली दोन ओळींचं वर्णन लिहिलं. चार रात्री गेल्या. पाचव्या दिवशी ती आलीच नाही. घरी बसून स्वतः वाचत होती. परीक्षेत पास झाली.

ती फाईल तिनं ग्रंथालयाला पाठवली, तेव्हा तिथून शंका आली, "कॉपीराइटचं काय?" शंका रास्त होती, पण तिचं उत्तर कायद्यातच आहे. २०१२च्या दुरुस्तीनं अपंग वाचकाच्या शिक्षणासाठी, त्याला वाचता येईल अशी प्रत करून द्यायला मुभा दिली. अशा वाचकांसाठी २०१३ साली माराकेश करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१६ साली 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. ग्रंथालयानं फाईल जपून ठेवली. पुढच्या तुकडीत आणखी एक अंध मुलगा आला. त्याला ती पहिल्याच दिवशी मिळाली. आमच्या चार रात्री त्याला पुन्हा जागाव्या लागल्या नाहीत.

म्हणून ग्रंथपालांना आणि शिक्षकांना एक विनंती. फाईल पाठवण्याआधी तिच्यातला एखादा मराठी शब्द शोधून पाहा. सापडला नाही, तर त्या फाईलवर अजून काम करायचं आहे असं समजा. सापडला, तर फोनला एक परिच्छेद वाचायला लावा आणि ऐका. दोन मिनिटांचं काम आहे. आणि नीट झालेली प्रत संग्रही ठेवा. ती पुढच्या विद्यार्थ्याला लागेल.

सध्या मी माझा संग्रह युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतोय. चाळीस कविता झाल्या. त्या तिला पाठवल्या, तर दुसऱ्या दिवशी निरोप आला, "चाचा, सातव्या कवितेत एक अनुस्वार राहिलाय."