फडावरचे मूल आणि आपली शाळा

(प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



दसरा-दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यात एकाच वेळी दोन दृश्ये दिसू लागतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर मुकादमाच्या गाड्या येऊन उभ्या राहतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, सरपण आणि लेकरे गाडीत चढतात व घराला कुलूप लागते. त्याच सुमारास राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या बाजूस कारखान्यांच्या परिसरात आणि गावांबाहेरच्या मोकळ्या रानात कोप्यांच्या रांगा उभ्या राहतात. इकडच्या शाळेतील बाके रिकामी होतात. तिकडच्या शाळेतील बाके मात्र त्यामुळे भरत नाहीत. एका शाळेतून निघालेले मूल दुसऱ्या शाळेत पोहोचतच नाही. मधल्या वाटेवर ते कोठे हरवते, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

स्थलांतरितांच्या शिक्षणाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीस लागलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात होती. त्यांत स्त्रिया व मुले यांचाच भरणा मोठा होता. ज्यांना उद्या कोठे जावयाचे हे ठाऊक नव्हते, त्या लोकांनी त्या छावणीत आपल्या मुलांसाठी शाळा चालविल्या. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीमुळे घरदार सोडून आलेले सिंधी बांधव राहावयास आले. आजचे गांधीनगर ते हेच. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि त्या वसाहतीतही घरांबरोबर शाळा उभ्या राहिल्या. या इतिहासातून एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. पायाखालची जमीन सुटलेल्या माणसाने जेथे जेथे मुलांची शाळा धरून ठेवली, तेथे तेथे पुढची पिढी पुन्हा उभी राहिली.

ऊसतोड मजूर हे निर्वासित नव्हेत, हे उघड आहे. त्यांना कोणी हद्दपार केलेले नाही. पाडव्याच्या सुमारास पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की ते आपल्या गावी परततात. परंतु लहान मुलाच्या दृष्टीने पाहा. त्याचे घर गेले, सोबती गेले, गुरुजी गेले, फळा गेला. जेथे ते आले तेथे त्याला नावाने हाक मारणारे कोणी नाही; त्याची ओळख एवढीच, की हे कोपीवरचे पोर. दरवर्षी पाच-सहा महिने हा अनुभव घेणाऱ्या मुलाला निर्वासिताचे दुःख निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

या प्रश्नाशी आपल्या जिल्ह्याचे नाते विशेष आहे. आशिया खंडातील पहिला म्हणून नावाजलेला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेच्या काठी उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. त्या चळवळीने शेतकऱ्याच्या घरी चार पैसे आले आणि त्यांतून पुढे शाळा-महाविद्यालयेही निघाली. परंतु ऊस कारखान्यात पोहोचण्याआधी तो कोणीतरी तोडावा लागतो. आणि तोडणारे हात येतात ते बहुधा पाण्यावाचून पडलेल्या गावांतून: बीड जिल्ह्यातून, तसेच आपल्याच जिल्ह्याच्या कोरडवाहू तालुक्यांतून. म्हणजे मूल पाठविणारी शाळा आणि मूल ज्या गावी उतरते तेथील शाळा, या दोन्ही पुष्कळदा एकाच जिल्हा परिषदेच्या असतात. इतरांना हे मूल परक्याचे म्हणून झटकता येईल. आपणांस ती सोय नाही.

येथे मला माझी एक चूक आपणांपुढे सांगितली पाहिजे. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत मी कारखान्याच्या भागातील एका शाळेवर होतो. मार्गशीर्षातील एका सकाळी नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. हातात जुनी वही होती. "गुरुजी, मी चौथीत हाये. बसू का?" असे त्याने विचारले. मी विचारले, "दाखला आणलास का?" त्याने मान हलविली. मी म्हणालो, "दाखला घेऊन ये, मग बघू." तो दोन क्षण उभा राहिला आणि निघून गेला. त्याचा दाखला शंभर मैलांवर एका कपाटात होता, आणि तो आणावयास बापाचा एक दिवसाचा खाडा पडला असता, हे मला तेव्हा सुचले नाही. मुलगा परत आला नाही. पुढे काही दिवसांनी तो मला रस्त्यात दिसला. उसाच्या गाडीपुढे बैलांचा कासरा धरून तो चालला होता. मी नियम पाळला होता; परंतु शिक्षकाचे काम केले नव्हते.

आज तसा नियमही राहिलेला नाही. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने संविधानात '२१ अ' हे कलम आले. सहा ते चौदा वर्षे वयाच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे दायित्व त्या कलमाने राज्यावर टाकले. 'सर्व मुलांना' हे शब्द आपण नीट वाचावेत. तेथे गावाचे, जातीचे वा कायम वास्तव्याचे बंधन नाही. त्यानुसार झालेला २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील पाच गोष्टी प्रत्येक शिक्षकास तोंडपाठ असाव्यात.

पहिली : शाळा बदलणाऱ्या मुलाला दाखला देण्यास मुख्याध्यापकाने विलंब लावता कामा नये, आणि दाखला आला नाही या कारणाने नव्या शाळेने प्रवेश अडवू नये (कलम ५). दुसरी : वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). तिसरी : प्रवेशाची मुदत संपल्यावर मूल आले तरी त्याला परत पाठविता येत नाही (कलम १५). चौथी : मागे पडलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात बसवावयाचे आणि मागची कसर विशेष प्रशिक्षणाने भरून काढावयाची, अशा मुलाचे वय चौदाच्या पुढे गेले तरी प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत ते त्याला मोफतच मिळावयाचे (कलम ४). पाचवी : स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा प्रवेश होईल हे पाहण्याचे कर्तव्य स्थानिक प्राधिकरणाचे, अर्थात आपल्याच जिल्हा परिषदेचे आहे (कलम ९).

कायदा इतका स्पष्ट असताना मूल का हरवते? कारण हक्क कागदावर एका जागी राहतो आणि मूल चालते असते. म्हणून या वाटेच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या शिक्षकांनी आपापले काम वाटून घेतले पाहिजे.

प्रथम पाठविणाऱ्या गावच्या शिक्षकाविषयी. मूल गावातच राहिले तर सर्वांत उत्तम. आजी-आजोबा असतील तेथे त्यांच्यापाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात त्याची सोय करता येते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. तिची माहितीही पालकांना द्यावी. परंतु हे बोलणे गाड्या दारात आल्यावर करून उपयोग नाही. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेतली जाते आणि कुटुंबाचा निर्णय तेव्हाच होतो; शिक्षकाने घरी जावयाचे तेही तेव्हाच. एवढे करूनही मूल जाणारच असेल, तर शिक्षण हमी पत्रक भरून त्याच्या हाती द्यावे. मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्याला काय येते, हे त्या पत्रकावरून पुढच्या गुरुजीस कळते. मुकादमाचे नाव, कारखान्याचे नाव आणि टोळी कोठे उतरणार ते गाव, एवढे आपल्या वहीत टिपून ठेवावे, आणि त्या गावच्या शाळेला एक दूरध्वनी करावा.

आता उतरण्याच्या गावच्या शिक्षकाविषयी. येथे मी यजमान गावाची बाजूही मोकळेपणाने मांडतो, कारण ती दडवून प्रश्न सुटणार नाही. संचमान्यतेसाठी पट धरला जातो तो ३० सप्टेंबरचा. ही मुले येतात त्यानंतर. शिक्षक तेवढेच, खोली तेवढीच, आणि वर्गात अकस्मात पंधरा मुले वाढतात. गावातील पालक म्हणतात, "आमच्या पोरांचा अभ्यास मागे पडतो." ही तक्रार केवळ आकसाची समजू नये. त्यांची मुलेही बहुधा अल्पभूधारकांची आणि शेतमजुरांचीच असतात. सधनांची मुले केव्हाच बसने शहरातील शाळेत जाऊ लागली आहेत. एका गरिबाचे मूल दुसऱ्या गरिबाच्या मुलाच्या वाट्यावर बसविणे हा न्याय नव्हे.

यावर उपाय हा, की आलेले मूल रीतसर नोंदवावे. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी ना शिधा येतो, ना पुस्तक, ना जादा शिक्षक. मग ते जे खाते ते इतरांच्या पानातून खाते. हजेरीवर नाव असले म्हणजे त्याचा वाटा मागता येतो. केंद्रप्रमुखांकडे लेखी मागणी करावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठराव करावा, आणि कारखान्याकडे निदान मुलांच्या ने-आणीच्या वाहनाची व शिकवणीस निवाऱ्याची मागणी ठेवावी. स्थलांतरित मुलामुळे शाळेला मिळालेली प्रत्येक सोय गावच्या मुलालाही मिळते, हे पालकांना दाखवून देता आले तर विरोध पुष्कळ निवळतो.

१९९० च्या दशकापासून कारखान्यांवर साखरशाळा चालविण्यात आल्या. जेथे शाळा दूर होती तेथे त्यांचा मोठाच आधार झाला. तथापि गावची शाळा हाकेच्या अंतरावर असताना मुलांची निराळी पंगत मांडू नये. दोन्ही मुलांनी एका पाटीवर गणित सोडविल्याखेरीज 'कोपीवरचे पोर' हे नाव पुसले जाणार नाही. शाळा खरोखरच लांब असेल तेथे मात्र ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे स्मरण करावे. बोर्डी-कोसबाडच्या परिसरात मूल शाळेकडे येईना, तेव्हा त्यांनी शाळा मुलाकडे नेली. अंगणात अंगणवाडी भरली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात कुरणशाळा भरली.

वर्गात आलेल्या मुलाच्या बोलीलाही जागा द्या. त्यांत गोरमाटी बोलणारे बंजारा मूल असेल, अहिराणी वा भिली बोलणारे असेल. ते चुकीचे बोलत नाही. ते आपले बोलत आहे. 'उसाच्या गाडीत इतक्या मोळ्या' हे गणित त्याला पुस्तकातील गणितापेक्षा लवकर सुटते, आणि ते फळ्यापाशी येऊन सोडवू लागले की गावची मुले त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहतात.

मुलींविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. आईबाप पहाटे फडात जातात तेव्हा धाकट्या भावंडाला सांभाळावयास थोरली मुलगी कोपीवर राहते. तिला शाळेत आणावयाचे तर आधी तान्ह्या भावाची सोय अंगणवाडीत लावावी लागते. अंगणवाडीसेविका आणि शिक्षिका यांनी एकत्र कोपीवर जावे ते याचसाठी. पुढे मुलगी तेरा-चौदाची झाली की बापाला तिला एकटी मागे ठेवण्याची धास्ती वाटते. शिवाय ऊसतोडीत उचल मिळते ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. म्हणून अठराव्या वर्षाच्या आत लग्ने होतात आणि विद्यार्थिनीचा अर्धा कोयता होतो. हे केवळ उपदेशाने थांबणार नाही. तिच्यासाठी वसतिगृहातील सुरक्षित जागा आपण शोधून दिली, तरच बापाची धास्ती कमी होईल.

चौदा वर्षांपुढील मुलामुलींना कायद्याचे छत्र नाही. पण आपली वाट तेथे संपत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे. दहावीस खाजगी रीतीने बसण्यासाठी सतरा नंबरचा अर्ज आहे. ज्या तरुणाने कोयता हाती घेतला त्यालाही हे दार कोणीतरी दाखवावयास हवे, आणि बहुतेक खेड्यांत असा एकच माणूस असतो, तो म्हणजे शिक्षक.

बंधुभगिनींनो, आपल्या जिल्ह्याला आता ज्यांचे नाव लाभले आहे, त्या अहिल्यादेवींचा जन्म जामखेड तालुक्यातील चौंडीचा. त्याच तालुक्यातून दर दिवाळीनंतर गाड्या भरून निघतात. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे गिरविले ते याच नगरात. त्यांच्या काळी मुलगी शाळेच्या दारापर्यंत येणे कठीण होते. आज मूल दारापर्यंत येते. येत्या हंगामात एखादे अनोळखी मूल वर्गाच्या दारात येऊन 'बसू का?' असे विचारील. त्याला दाखला मागू नका. प्रथम 'ये, बस' म्हणा, त्याचे नाव विचारा आणि ते त्याच दिवशी हजेरीवर चढवा. बाकीचे कागद मागाहून येतील.