आधी नंबर, मग नाव



संमेलनाच्या अध्यक्षाने मोठ्या विषयावर बोलावं अशी रीत आहे. मी मात्र एका बिल्ल्याच्या कडेबद्दल बोलणार आहे.

पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला गेले होते’, एवढंच आमच्या घरात माहीत होतं. साताऱ्याकडे आणि तळकोकणात हे वाक्य किती घरांत ऐकू येतं, ते तुम्हाला सांगायला नको. आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचा चांदीचा बिल्ला होता. त्यावरचं राजाचं तोंड आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं; कड कुणीच पाहिली नव्हती. भिंग लावलं तेव्हा तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण निघाली : ११७ मराठा. नाव असं लिहिलं होतं की खुद्द पणजीनेही ओळखलं नसतं.

म्हणून नव्या अभ्यासकाला मी पहिलं सांगतो, शोध आडनावापासून सुरू करू नका. एकेका कंपनीत तेच ते शिंदे, पवार, सावंत. त्यात कारकुनाच्या कानाला आलं तसं स्पेलिंग. नंबर धरा, पलटण धरा. आणि १९२२ची पलटणींची फेररचना विसरू नका. ११७ वी पलटण तेव्हा पाचव्या मराठा रेजिमेंटची पाचवी बटालियन झाली, ११०वी तिसरी झाली. बिल्ल्यावर एक पलटण आणि पेन्शनच्या कागदावर दुसरी दिसली, तर घाईने दोन माणसं करू नका.

पलटण कळली की माणूस कुठे होता ते उलगडायला लागतं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी उपासमारीने शरणागती आणि मग तुर्कांची कैद. युद्धाच्या रोजनिशीत पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते मिळतं, पण जखमी साहेबाचं नाव आणि शिपायांचा नुसता आकडा. बसऱ्याच्या स्मारकावरही तेच झालं. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आपल्या शिपायांची मात्र संख्या. याला मी चूक म्हणत नाही, हा हिशेब होता. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत मात्र अनेक शिपायांच्या नावाखाली बापाचं नाव, गाव, तालुका सापडतो. गावाचं नाव मोठ्याने वाचून बघा. डोळ्याला न कळलेलं गाव कानाला कळतं.

कागद सगळे मिळतील असं नाही. स्वातंत्र्यानंतर नोकरी केलेल्या मराठा जवानासाठी बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला नंबरासकट पत्र घाला. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाच्या सेवापत्रकाची आशा थोडीच ठेवा. तिथे गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, जास्त कामाला येतं. अलीकडे कुणबी नोंदींसाठी ही बाडं लोकांनी उलटीपालटी केली, त्यामुळे ती निदान कुठे आहेत हे तरी कळलं! मात्र पलटणीत ‘मराठा’ आणि गावदप्तरी ‘कुणबी’ असा एकच माणूस भेटला तर गोंधळू नका.

आता आपल्या वेशीतल्या शिळा. ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले’ अशा अर्थाचा मजकूर. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जवान त्या युद्धात पडले. म्हणून ते गाव आज अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखलं जातं. इतर गावांच्या शिळा कुठे देवळाच्या ओवरीत चुन्याखाली गेल्या, कुठे त्यांच्यावर निवडणुकीची पत्रकं चिकटतात. त्यांच्यावरही नावं नाहीत, आकडेच आहेत. हे आकडे साहेबाने कोरले, पण त्यामागची नावं शंभर वर्षं आपणही विचारली नाहीत.

पुढल्या संमेलनाला येताना आपल्या गावच्या शिळेचा फोटो आणि त्या आकड्यातली सापडतील तेवढी नावं घेऊन या. एकच सापडलं तरी चालेल. आणि घरात चांदीचा बिल्ला असेल, तर नातवाचे वाळे करायला सोनाराकडे देण्याआधी त्याची कड वाचा.