बाटली आडवी झाली, पुढे काय?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील बचतगटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

आज इथे किनवट, मुखेड, देगलूर, धर्माबादकडच्या बाया आहेत, तशाच औसा, निलंगा, उदगीरच्याही आहेत. दारूबंदीच्या मोर्चात कधीच गेली नाही अशी बाई आपल्यात विरळाच. तेव्हा दारू वाईट, हे मी तुम्हाला सांगत बसणार नाही. मला बोलायचे आहे ते दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल.

आपल्या लढ्याची ताकद मोठी आहे. १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बाया साक्षरता वर्गातून उठल्या आणि त्यांनी सारा विकणारी दुकाने बंद पाडली. १ ऑक्टोबर १९९३ पासून आंध्र सरकारला राज्यभर सारा बंद करावा लागला. १९९५ मध्ये तिथे पूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये ती उठलीही. आपल्याकडे २००८ च्या सरकारी आदेशाने गावच्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान घ्यावे लागते. यादीतल्या निम्म्याहून अधिक बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. हा हक्क आपण वापरलाच पाहिजे. पण मतदानाने बंद होते ते परवान्याचे दुकान. हातभट्टी त्यात येत नाही. आणि दहा-पंधरा वर्षे रोज पिणाऱ्याच्या अंगातली ओढ तर मतदानाला जुमानतच नाही.

ही ओढ नुसती मनाची नसते. रोज भरपूर पिणाऱ्याचे शरीर दारूवर चालायची सवय करून घेते. दारू एकाएकी तोडली की काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आले असे वाटते. घरचे म्हणतात, बाहेरचे लागले, आणि त्याला देवऋष्याकडे नेतात. मैत्रिणींनो, हे बाहेरचे नाही. यात माणूस दगावू शकतो. अशा वेळी त्याला दवाखान्यातच न्यायला हवे. तिथे औषध देऊन, ब जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन हे दिवस सुखरूप पार पडतात.

शिंदीचे तर याहून अवघड. धर्माबाद, बिलोलीकडच्या बायांच्या सोयरिकी निजामाबादकडे आहेत, त्यांना हे ठाऊक असेल. तिकडे शिंदीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी गुंगीची औषधे मिसळल्याचे वर्षानुवर्षे उघडकीला आले आहे. २०१५ साली तेलंगण सरकारने या भेसळीवर कडक कारवाई केली. कारवाई योग्यच होती. पण ती शिंदी एकाएकी मिळेनाशी झाली आणि निजामाबाद भागातल्या दवाखान्यांत माणसांची रीघ लागली. कोणाला झटके येत होते, कोणी असंबद्ध बोलत होते. त्यांत बायाही होत्या. विक्री थांबवली, पण पिणाऱ्यांसाठी आधी काही सोय केली नाही, की असे होते. म्हणून मी म्हणते, ज्या दिवशी दुकान बंद करायचे ठरवाल, त्याच दिवशी गावात रोज पिणारे किती आणि त्यांना कुठे न्यायचे, हेही ठरवा.

मदतीची अवस्था काय आहे? २०१९ साली केंद्र सरकारने देशभरच्या पाहणीचा अहवाल काढला. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कोणतीतरी मदत मिळाली होती. बाकीचे ३७ कोणाच्या गळ्यात? घरच्या बाईच्या. ती पैसे लपवते, त्याला रस्त्यावरून उचलून आणते, मालकाला खोटे निरोप देते, आणि वर ऐकते की बायको नीट असती तर तो प्यालाच नसता.

या हतबल बाईला लुटायलाही लोक टपलेले असतात. ‘नकळत चहातून द्या, आठ दिवसांत दारू सोडवा’ अशा जाहिराती तुम्ही एस.टी. स्टँडच्या भिंतीवर वाचल्या असतील. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. पण ते घेतल्यावर माणूस दारू प्याला तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून ते त्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. चोरून काही देऊ नका. तसेच कोंडून, मारून दारू सोडवतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. रुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे.

मग सुटते कशाने? पुण्याचे मुक्तांगण २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत दिली आणि प्रत्यक्ष केंद्र उभे केले ते डॉ. अनिता अवचट या बाईने. तिथे व्यसन हा आजार मानतात. उपचारानंतर पाठपुरावा असतो, आणि रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट असतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी २०१६ मध्ये तिथे ‘मुक्तिपथ’ सुरू करावे लागले. त्यात गावोगावी लोकांचे गट आणि तालुक्याला उपचार, अशी दोन्ही कामे जोडली आहेत.

आपल्या गावात पाहा. माळ घातल्यावर काहींची दारू सुटते. का? रोज संध्याकाळी, ऐन पिण्याच्या वेळेला, तो भजनात बसतो. दोन दिवस दिसला नाही तर कोणीतरी विचारायला घरी येते. ही सोबत माळेशिवायही देता येते. ज्यांची सुटली आहे अशा दोन पुरुषांना त्याच्याकडे पाठवा. तो पुन्हा घसरला तर हसू नका. बरे होताना बहुतेकजण घसरतात. त्याला पुन्हा बोलवा.

आणि जो अजून सोडायला तयार नाही? त्याचा जीव तरी वाचवू या. फवारणीचे औषध घरात हाताशी ठेवू नका. आपल्या मराठवाड्यात दारूच्या भरात डबा तोंडाला लावून किती संसार उजाड झाले, हे मी तुम्हाला काय सांगावे! मोटारसायकलची किल्ली काढून घ्या. उपाशी पोटी पिऊ देऊ नका. पिल्यावर दिसेनासे झाले, पोटात कळा आल्या, तर उतरेल म्हणून वाट पाहू नका, ते मिथेनॉल असू शकते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराच्या वर माणसे गेली. यातली कोणतीही गोष्ट केली म्हणजे आपण दारूला मान्यता दिली, असे होत नाही.

मात्र एक सीमा पक्की ठेवा. व्यसन हा आजार आहे, मारहाण हा आजार नाही, तो गुन्हा आहे. प्यायलेला होता म्हणून मारले, ही सबब आपण ऐकून घ्यायची नाही. २००५ च्या कायद्याने बाईला त्या घरात राहण्याचा आणि संरक्षण मागण्याचा हक्क आहे. नवऱ्याला सुधारण्यासाठी तिने मार खात राहावे, असे आपल्यातल्या कोणीही तिला सांगू नये. तिला त्याच्यापासून वेगळे राहायचे असेल तर तेही तिने ठरवावे.

आणि पिणाऱ्या बाईचे काय? शिंदी पिणारी, झोपेच्या गोळ्यांवर जगणारी, मशेरी सुटत नाही म्हणून रडणारी बाई आपल्याच गटात आहे. पुरुषाला दवाखान्यात नेतात, बाईला घरात लपवतात किंवा माहेरी धाडतात. तिला आपणच जवळ केले पाहिजे.

लातूरच्या बायांना एक आठवण देते. १९९३ च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गाव आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून संवाद सहायक बायाच होत्या. पडलेली घरे उभी करताना जे जमले, ते पडलेल्या माणसाबाबतही जमेल.

परत गेल्यावर प्रत्येक गटाने एवढे करावे. दोन बाया आणि दारू सोडलेले दोन पुरुष निवडा. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत एकदा स्वतः जाऊन मनोविकार विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून या. आणि पुढच्या बैठकीत हप्त्याच्या हिशोबाआधी दहा मिनिटे एवढेच विचारा: या महिन्यात कोणाच्या घरी काय झाले?