शंभरांपैकीं किती?

गुणपत्रिका कशी वाचावी हें आपल्याकडे कोणास शिकवावें लागत नाहीं. ३५ म्हणजे निसटता पास, ६० म्हणजे पहिला वर्ग, ७५ म्हणजे विशेष प्रावीण्य. ही मोजपट्टी आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे, कीं शंभरांपैकीं कोणताहि आंकडा समोर आला म्हणजे आपण तो तिच्यावरच लावून पाहतों.

आज ज्या गुणांविषयीं मला बोलावयाचें आहे ते शाळेचे नव्हत. दूरचित्रवाणीच्या पडद्यास कन्सोल नांवाचें यंत्र जोडून मुलें, आणि हल्लीं मुलांचे बापहि, जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांना जगभरचे परीक्षक गुण देत असतात. विषय कोणास पोरकट वाटेल. परंतु अशा एका नव्या खेळाची किंमत आपल्या देशांत ५,००० रुपयांच्या घरांत जाते, आणि ती पुष्कळ वेळां एक आंकडा पाहून मोजली जाते. पुण्यामुंबईस निदान एखाद्या दुकानांत किंवा मित्राच्या घरीं खेळ हातांत घेऊन पाहतां येतो. कन्नड तालुक्यांतील आमच्या देवगांव रंगारीस असें दुकान कोठून असणार? तेथें बहुतेक मुलें मोबाइलवरच खेळतात. ज्या एखाद्या घरीं कन्सोल आलेला आहे, तेथें खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. प्लेस्टेशनच्या दुकानाचा नियम असा, कीं खेळ उतरवून घेण्यास एकदां आरंभ केला, कीं तो सदोष असल्याखेरीज पैसे परत मिळत नाहींत. म्हणजे चाखून पाहण्याची सोय नाहीं. परीक्षकाचा शब्द हाच काय तो आधार; आणि तो शब्दहि सहसा कोणी वाचीत नाहीं, आंकडा वाचतात.

हा आंकडा येतो कोठून? २००१ सालीं अमेरिकेंत मेटाक्रिटिक नांवाचें संकेतस्थळ सुरू झालें. निरनिराळ्या पत्रांतील परीक्षणें गोळा करावयाचीं, प्रत्येकाचा अभिप्राय शंभरांच्या मापांत बसवावयाचा, आणि सर्वांची मिळून एक सरासरी खेळाच्या माथ्यावर लावावयाची, असा त्याचा उद्योग आहे. ही सरासरीहि साधी नव्हे. कांहीं परीक्षकांच्या मतास अधिक वजन दिलें जातें, आणि कोणास किती, हें चालक सांगत नाहींत. वाण्याचा तराजू निदान गिऱ्हाइकासमोर तरी टांगलेला असतो!

त्या आंकड्यास रंगहि दिलेला असतो: चांगल्यास हिरवा, मध्यमास पिवळा, वाइटास तांबडा. येथें एक मौज आहे. चित्रपटास ६१ गुण पडले कीं हिरवा रंग मिळतो. खेळास मात्र तो ७५ पासून पुढें मिळतो. म्हणजे ७० गुणांचा चित्रपट हिरवा आणि ७० गुणांचा खेळ पिवळा. कारण उघड आहे. खेळांच्या परीक्षकांत ५० च्या खालीं उतरण्याची रीत फारशी नाहीं. सारी चढाओढ वरच्या तिसाचाळीस गुणांत चालते. आपल्या घरांतला पहिला वर्ग तिकडे ‘संमिश्र’ या खान्यांत जाऊन पडतो.

याचें उदाहरण परदेशांत शोधावयास नको. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्याशा कंपनीनें ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ तयार केला. राजी ही डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू यास असुर पळवून नेतात, आणि त्यास सोडविण्यासाठीं ती निघते. दुर्गा आणि विष्णु वरून तिची कथा सांगतात. राजस्थानी वाडे, पहाडी शैलीचीं भित्तिचित्रें, छायाबाहुल्यांचे प्रवेश असा त्याचा थाट आहे. लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा कंपनीचा पहिला प्रयत्न फसला होता. तरीहि काम सोडलें गेलें नाहीं, आणि ऑगस्ट २०२० मध्यें खेळ बाहेर पडला. त्या वर्षींच्या ‘द गेम ॲवॉर्ड्स’ मध्यें पदार्पणाच्या खेळांसाठीं जीं पांच नामांकनें झालीं, त्यांत ‘राजी’चें नांव होतें. पारितोषिक दुसऱ्यास मिळालें.

परीक्षकांनीं काय म्हटलें? देखावे अपूर्व आहेत, कथेचें जग नवें आहे, असें बहुतेकांनीं लिहिलें. त्याचबरोबर झुंजींत सफाई नाहीं, मध्येंच अडखळावयास होतें, आणि खेळ थोडक्यांत आटोपतो, अशाहि तक्रारी केल्या. या सर्वांची सरासरी सत्तरीच्या आसपास येऊन थांबली, आणि रंग पिवळा पडला.

तक्रारी खोट्या होत्या असें मी म्हणणार नाहीं. माझें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. ‘राजी’ आरंभीं निघाला तो केवळ निन्टेंडो स्विच या यंत्रावर. इतर यंत्रांवर तो ऑक्टोबरांत आला. आणि स्विच हें यंत्र निन्टेंडो कंपनीनें भारतांत अधिकृतपणें विकावयास आणलेलें नव्हतें. म्हणजे पुण्यांत घडलेल्या खेळाचा पहिला निवाडा, ज्या यंत्रावर तो झाला तें यंत्र पुण्याच्या पेठेंत सरळ मार्गानें मिळत नसतां झाला. निवाडा देणारे बहुतांशीं परदेशीं बसलेले. त्यांना दुर्गा आणि असुर यांची कथा नवीन वाटली, आणि त्या नवेपणाचे गुण त्यांनीं उदारपणें दिले. ज्याच्या आजीनें ही कथा नवरात्रांत दहा वेळां सांगितली आहे, त्यास तें नवेपण कोठून लाभणार? उलट, त्या कथेची मांडणी नेटकी आहे कीं ढिली, हें तोच अधिक नेमकें सांगूं शकेल. पुढें २०२२ मध्यें खेळाची सुधारलेली आवृत्ति निघाली, तींत हिंदी संवादहि आले. पहिलीं परीक्षणें मात्र इंग्रजी संवादांच्या जुन्या आवृत्तीचीं, आणि त्यांची सरासरी अजून जेथल्या तेथें आहे.

आमच्या भागांतल्या शेतकऱ्यास आंकड्यांतील भेद चांगला कळतो. कापसाची गाडी भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर गेली म्हणजे यंत्र लावून ओलावा पाहतात. ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पुरा हमीभाव, त्याहून अधिक असेल तर त्या मानानें कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल परत. हा आंकडा कडू लागला तरी तो मापाचा आंकडा आहे. दुसरें यंत्र लावून त्याची खात्री करतां येते. परंतु खासगी व्यापारी बोंडांतला कापूस चिमटींत धरून, धागा ओढून, “माल दुय्यम आहे” असें म्हणतो, तेव्हां शेतकरी लगेच विचारतो, “कशावरून?” खेळाचे ८४ किंवा ७० गुण हे या दुसऱ्या जातीचे आहेत. ते दिसतात यंत्रानें मोजल्यासारखे, आणि असतात चिमटींतल्या धाग्यासारखे. त्यांना “कशावरून?” हें विचारलेंच पाहिजे, आणि उत्तर आंकड्याखालच्या परिच्छेदांत असतें.

हें न विचारल्यानें काय होतें त्याचा एक दाखला अमेरिकेंतील आहे. ऑब्सिडियन या कंपनीनें दुसऱ्या प्रकाशकासाठीं ‘फॉलआउट: न्यू वेगस’ हा खेळ केला, तो २०१० सालीं निघाला. कंपनीच्या संस्थापकांपैकीं ख्रिस ॲव्हेलोन यांनीं २०१२ मध्यें उघड सांगितलें, कीं बोनसाची अट मेटाक्रिटिकवरील ८५ गुणांची होती, आणि ती पुरी झाली नाहीं. पडले ८४. एका गुणानें वर्ग हुकलेला विद्यार्थी प्रत्येक आळींत एखादा तरी असतोच, पण त्याचा पेपर निदान एका परीक्षकानें तपासलेला असतो. येथें एकमेकांस न ओळखणाऱ्या अनेकांच्या मतांची बेरीज, तिलाहि गुप्त वजनें लावलेलीं, आणि तिच्या शेवटच्या अंकावर माणसांची कमाई अडकलेली. ज्यांनीं परीक्षणें लिहिलीं त्यांना आपण कोणाच्या बोनसाचा हिशेब लिहीत आहों, याची कल्पना तरी असेल काय?

गिऱ्हाइकाची फसगत याहून सोपी. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजीं बाहेर पडला. त्याच्या आधींच परीक्षणें छापलीं गेलीं होतीं, आणि सरासरी नव्वदीच्या घरांत होती. तीं परीक्षणें संगणकावर खेळून लिहिलेलीं होतीं. प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यांवरच्या प्रती परीक्षकांना आधीं दिल्याच नव्हत्या. लोकांनीं नव्वद गुण पाहून पैसे मोजले, आणि जुन्या कन्सोलवर खेळ जागोजागीं अडूं लागला, बंद पडूं लागला. आठवडा होतो न होतो तोंच सोनी कंपनीनें तो आपल्या दुकानांतून काढून टाकला आणि पैसे परत देऊं केले. पुन्हां ठेवला तो जून २०२१ मध्यें. गुण खोटे नव्हते. ते दुसऱ्याच वस्तूचे होते.

म्हणून मला जपानांतील फामित्सू या नियतकालिकाची जुनी पद्धत बरी वाटते. तेथें एका खेळास चार परीक्षक बसतात, प्रत्येकजण दहांपैकीं गुण देतो, आणि चौघांचे गुण व चौघांचीं मतें वेगवेगळीं छापतात. बेरीज ४० पर्यंत जाऊं शकते; ती पुरी ४० प्रथम १९९८ सालीं ‘ऑकारिना ऑफ टाइम’ या झेल्डा मालिकेंतील खेळास मिळाली. पण एकानें नऊ आणि दुसऱ्यानें पांच दिले असतील, तर तें भांडण वाचकास दिसतें. सरासरींत तें पुरलें जातें. इंग्लंडांतील युरोगेमरनें तर २०१५ मध्यें गुण देणेंच सोडून दिलें होतें. २०२३ मध्यें मात्र पांच ताऱ्यांच्या रूपानें तें पुन्हां सुरू केलें. आंकड्याची ओढ अशी सुटत नाहीं.

मराठी पत्रांत नाटकाचें परीक्षण पिढ्यान् पिढ्या येत आहे. जुन्या परीक्षकांनीं गाण्याच्या एकेका पदावर रकाने खर्च केले, पण नाटकास शंभरांपैकीं गुण कोणी दिले नाहींत. हल्लीं चित्रपटांना तारे वाटतात. खेळांना त्या पानांवर क्वचितच जागा मिळते. ती मिळावी असें मला वाटतें, आणि ती पुण्यामुंबईच्याच लेखकांकडे जावी असें नाहीं. देवगांवाहून वेरूळ फारसें दूर नाहीं. शाळेच्या सहलींत कैलास लेण्यांतील महिषासुरमर्दिनी आणि दशावताराच्या लेण्यांतील नरसिंह ज्यानें मान वर करून पाहिला आहे, असा मुलगा ‘राजी’ खेळावयास बसला, तर भिंतीवरच्या दुर्गेच्या हातांतील आयुधें बरोबर आहेत कीं नाहींत, असुराच्या अंगांत बळ दिसतें कीं नुसता आकार, हें त्यास पाहतांच कळेल. त्यानें तें लिहावें. कोणत्या यंत्रावर खेळला, किती तास खेळला, कोठें अडला, पैसे स्वतःचे गेले कीं खेळ फुकट मिळाला, एवढें आरंभीं सांगावें, आणि मग मनांत असेल तें मोकळेपणें म्हणावें. दोन पानें पुरतील. गुण द्यावयाचेच असतील तर ते त्यानें शेवटच्या ओळींत द्यावे.