माळ्याची खोली करण्याआधी

जुन्या कौलारू घरातला सर्वांत सोशिक भाग म्हणजे माळा. पाळणा, गणपतीचं मखर, लग्नात घेतलेली मोठी पातेली, जे टाकवत नाही आणि रोज लागतही नाही, ते सगळं तो निमूटपणे सांभाळतो. पण कुटुंब वाढतं, जागा वाढत नाही. मग घरातल्यांची नजर वर जाते. छप्पर थोडं उचललं, खाली फळ्या घातल्या, की मुलीला अभ्यासाला खोली झाली!

वास्तुविशारद म्हणून माझ्याकडे असे बेत घेऊन बरेच लोक येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला: ‘घर आमचं, माळा आमचा, मग परवानगी कशाला?’

आपल्या राज्यात १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. त्यात ‘विकास’ या शब्दाचा अर्थ केवळ नवी इमारत असा नाही. असलेल्या इमारतीत किंवा तिच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदलही त्यात येतो. घराच्या आतल्या साध्या दुरुस्तीला कायद्यानं सूट दिली आहे. फुटकी कौलं बदलणं ही दुरुस्ती. छप्पर उचलून राहती खोली काढणं हे बांधकाम. शिवाय सामानाचा ठेंगणा माळा सहसा चटईक्षेत्रात मोजत नाहीत, खोली मात्र मोजतात. प्लॉटवरचं चटईक्षेत्र आधीच संपलं असेल, तर गाडी तिथंच अडते.

आता उंची पाहा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सामानाच्या माळ्याची उंची जास्तीत जास्त दीड मीटर, म्हणजे पाच फूट. माणसांच्या खोलीला मात्र किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट हवेत; उतरतं छप्पर असेल तर सरासरी तेवढी. ही संहिता मार्गदर्शक आहे; बंधनकारक असते ती आपल्या भागाची नियमावली. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर बहुतेक महाराष्ट्राला २०२० पासून एकच नियमावली लागू आहे. हे चार फूट कोणी हौसेनं मागितलेले नाहीत. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी कौलांखाली तासभर बसून पाहा, म्हणजे कारण कळेल. कोकणासारख्या दमट हवेत खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या एक षष्ठांश असावं, असं संहिता सांगते ते यासाठीच.

त्याहून मोठी गोष्ट वजनाची. राहत्या खोलीत दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार येईल, असं भारतीय मानकानुसार धरावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीला हा हिशेब पावणेदोन टनांच्या पुढे जातो. पाळणा आणि पातेली पेलणाऱ्या जुन्या तुळया एवढं पेलतील का? वरून धडधाकट दिसणारं लाकूड भिंतीत शिरतं त्या टोकाशी वाळवीनं पोखरलेलं असू शकतं. डोक्यावरच्या वजनाची किंमत आपण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला पाहिली आहे. दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर माळवदाच्या मातीचे जाड थर. भूकंपात ते कोसळले आणि हजारो माणसं झोपेतच गेली.

तिसरी गोष्ट जिन्याची. वर्षातून एकदा मखर उतरवायला शिडी पुरते. पण रात्री शॉर्टसर्किट होऊन खाली धूर झाला, तर वर झोपलेल्या मुलीनं उतरायचं कुठून? म्हणून जिन्याच्या पायरीची उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि पाऊल ठेवायला किमान २५० मिलिमीटर जागा हवी. हे आकडे कागदावर रुक्ष वाटतात, अंधारात उतरताना ते जीव वाचवतात.

मग करायचं काय? आधी घराचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र शोधून काढा. नंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि तुळया, वासे, भिंती तपासून घ्या. सुताराच्या अंदाजावर भागवू नका. त्यानंतर परवानाधारक वास्तुविशारदामार्फत अर्ज करा. साठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाल्याचं कायदा मानतो; पण नकाशा नियमांत बसणारा असेल तरच. ही पळवाट नव्हे. परवानगीविना बांधलेल्या भागावर पाडण्याची नोटीस येऊ शकते आणि घर विकताना किंवा कर्ज काढताना तोच भाग आडवा येतो.

प्रत्येक माळ्याची खोली होतेच असं नाही. तपासणीत ‘नाही’ असं उत्तर आलं, तर तपासणीचा खर्च वाया गेला असं समजू नका. तेवढ्या पैशांत आपण एक धोका टाळलेला असतो. अशा वेळी माळ्यावर सामानच राहू द्यावं आणि मुलीच्या अभ्यासासाठी खालच्याच घरात एक कोपरा मोकळा करावा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)